‘तिथे पोचता येत नाही’ असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे नेमकं काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. धाकटा भाऊ ३९ वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवतो. दीड वर्षापासून छातीत ठोका चुकल्यासारखं होतं, जिना चढताना दम लागतो. चोवीस तास अंगावर बाळगायच्या इसीजीत, म्हणजे होल्टरमध्ये, २७ टक्के ठोके जादाचे निघाले, म्हणजे पीव्हीसी. एकोमध्ये ईएफ, म्हणजे हृदयाच्या पंपिंगचा टक्का, ६० होता, तो आता ४५ वर आलाय. अँजिओग्राफी स्वच्छ आहे. मेटोप्रोलॉलने फरक पडला नाही. मग ॲब्लेशन झालं, म्हणजे कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयात नेऊन ठोक्यांची जागा उष्णतेने जाळण्याचा प्रयत्न. चार तास चाललं, आणि बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, “जागा खोल आहे, शेजारून मोठी धमनी जाते, तिथे पोचता येत नाही.” आता एक डॉक्टर छातीखालून सुई घालून बाहेरून करू म्हणतात, दुसरे अमिओडॅरोन हे ठोक्यांचं औषध कायम चालू ठेवा म्हणतात, तिसरे आयसीडी, म्हणजे गरज पडली तर शॉक देणारं यंत्र, छातीत बसवा म्हणतात. यातलं खरं कोणतं, आणि तोवर त्याने गाडी चालवायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी हृदयाच्या ठोक्यांच्या आजारांचंच काम करतो, आणि त्यातही बरीच वर्षं अशा ‘न जमलेल्या’ केसेस दुसऱ्यांदा करण्यात गेली आहेत. भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याचं नक्की काय करावं हे इथून सांगणं बरोबर होणार नाही. पण विचार कुठल्या क्रमाने करायचा ते सांगू शकतो.

तुमच्यापुढे तीन पर्याय ठेवलेत, पण त्यांच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही: पहिल्या वेळी जमलं नाही ते का? ‘पोचता येत नाही’ हे एकच वाक्य निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. कधी ठोक्याचा उगम ज्या बाजूला शोधला त्या बाजूला नसतोच. कधी जागा बरोबर सापडते, पण उष्णता स्नायूत पुरेशी खोल जात नाही. कधी कॅथेटर अगदी जागेवर असतं, पण शेजारी धमनी दिसते आणि शहाणा डॉक्टर हात आखडता घेतो. आणि कधी तर त्या दिवशी जादाचे ठोकेच येत नाहीत. या प्रत्येकाचा पुढचा रस्ता वेगळा आहे. म्हणून पहिल्या प्रयत्नाचा तपशीलवार रिपोर्ट तुमच्या हातात असणं फार महत्त्वाचं आहे. ‘ॲब्लेशन केले, यश आले नाही’ एवढ्या दोन ओळींच्या डिस्चार्ज कार्डावर पुढचा निर्णय घेता येत नाही.

आता ही अवघड जागा कोणती ते सांगतो. मी कागद न पाहता अंदाज करतोय, पण ‘खोल’ आणि ‘शेजारी मोठी धमनी’ हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या डोळ्यांपुढे पहिली एकच जागा येते. तिला आम्ही ‘एलव्ही समिट’ म्हणतो, म्हणजे डाव्या जवनिकेचा, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा, बाहेरून दिसणारा माथा. डावी मुख्य धमनी जिथे फुटून तिचे दोन फाटे होतात, त्या दोन फाट्यांच्या बेचक्यात हा त्रिकोणी भाग बसलेला आहे. त्यावर चरबीचा थर. मधून एक मोठी शीर जाते आणि त्रिकोणाचे दोन भाग करते. शिरेच्या बाहेरच्या अंगाला असलेला भाग निदान कल्पनेत तरी बाहेरून गाठता येतो. आतला, म्हणजे फाट्याच्या बुडाशी असलेला भाग, धमन्या आणि चरबी यांच्या खाली दडलेला असतो.

आतून गेलं तर काय? आतून या जागेच्या आसपास बऱ्याच खोल्या आहेत: महाधमनीच्या झडपेच्या वरचा डावा कोनाडा, झडपेच्या खालची बाजू, आणि पलीकडे उजव्या जवनिकेतून फुप्फुसाकडे जाणारा मार्ग. पण उगम या कुठल्याच खोलीत नसतो, तो मधल्या भिंतीत असतो. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत कुठेतरी ओल धरली की डाग या खोलीतही दिसतो आणि त्या खोलीतही. दोन्हीकडून पोपडे खरवडून काढले तरी पाणी झिरपतंय ते मधूनच. इथेही तसंच होतं. कॅथेटर चार ठिकाणी ठेवलं की चारही ठिकाणी विजेचा संकेत थोडा थोडा आधी येतो, पण ठसठशीत लवकर असा कुठेच येत नाही. असं दिसलं की समजावं, उगम भिंतीच्या पोटात आहे. आणि नेहमीच्या कॅथेटरच्या टोकाने दिलेली उष्णता स्नायूत साधारण पाच-सात मिलिमीटरच जाते. भिंत त्याहून जाड असली की काम अर्धवट राहतं. त्या दिवशी ठोके थांबतात आणि रात्रीपर्यंत परत येतात. घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी खोटं सांगितलं. खोटं नसतं ते. उष्णतेने कडेचा स्नायू सुजतो, काही तास गप्प बसतो, सूज उतरली की पुन्हा ठोके टाकायला लागतो.

यातलं बरंचसं कॅथलॅबमध्ये जाण्यापूर्वीच कळू शकतं, आणि तेही सगळ्यात स्वस्त तपासणीतून. बारा लीडचा साधा इसीजी, पण त्यात तो जादाचा ठोका पकडलेला हवा. मी दुसऱ्या मतासाठी आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच मागतो, आणि दहातल्या सहा-सात जणांकडे ते नसतं. होल्टरचा रिपोर्ट किती ठोके ते सांगतो, कुठून ते नीट सांगत नाही. मनगटी घड्याळाच्या पट्टीवरून तर जागा अजिबात कळत नाही.

त्या एका ठोक्यात आम्ही काय बघतो ते थोडं सांगतो, कारण त्यावरूनच ‘आत की बाहेर’ याचा पहिला अंदाज येतो. हृदयात वीज वेगाने पसरवणाऱ्या तंतूंचं जाळं आतल्या अंगाला असतं. ठोका आतून सुरू झाला की तो या जाळ्यात लगेच शिरतो आणि इसीजीतली रेष झटकन वर जाते. ठोका बाहेरच्या अंगाला सुरू झाला तर त्याला आधी स्नायूतून वाट काढत आत यावं लागतं, म्हणून रेषेचा सुरुवातीचा चढ आळसावलेला, तिरका दिसतो. ठोक्याच्या सुरुवातीपासून शिखरापर्यंत लागलेला वेळ एकूण रुंदीच्या ५५ टक्क्यांहून जास्त निघाला तर आम्ही बाहेरच्या जागेचा संशय घेतो. दुसरी खूण छातीवर लावलेल्या तारांपैकी दुसऱ्या लीडची. पहिल्या आणि तिसऱ्या लीडमध्ये ठोका बऱ्यापैकी उंच आणि मधल्या दुसऱ्यात अचानक बुटका, असं दिसलं तर उगम डाव्या धमनीच्या पुढच्या फाट्याजवळ असण्याची शक्यता बरीच. या खुणा शंभर टक्के बरोबर नसतात. पण त्या बघून गेलेला डॉक्टर पहिला तास चुकीच्या खोलीत घालवत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या भावाच्या बाबतीत विचारायलाच हवी: त्या दिवशी टेबलावर ठोके येत होते का? कित्येकदा गुंगीचं औषध दिलं की जादाचे ठोके गायब होतात, मग डॉक्टर अंदाजाने जागा शोधत बसतात. म्हणून मी अशा रुग्णाला पूर्ण भूल शक्यतो टाळतो, बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखं औषध, काही दिवस आधी बंद करतो, आणि ठोके आले नाहीत तर हृदयाला चेतवणाऱ्या आयसोप्रेनॅलिनचं ड्रिप लावून उठवून बघतो. तरीही आले नाहीत तर मी केस थांबवतो आणि दुसऱ्या दिवसाची तारीख देतो. नातेवाईक नाराज होतात, खर्चही वाया गेल्यासारखा वाटतो, पण अंदाजाने दिलेल्या डागांनी स्नायूचं नुकसान तेवढं होतं.

आता दुसऱ्या प्रयत्नाची घाई करण्याआधी एक पायरी, जी चुकवू नये असं मी अगदी कळकळीने सांगतो. भावाच्या हृदयाचा एमआरआय झालाय का? तुमच्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही. ईएफ ६० वरून ४५ वर आला, याची दोन कारणं असू शकतात आणि ती दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. एक, दिवसाला सत्तावीस हजार वेडेवाकडे ठोके पडून पडून निरोगी हृदय थकलंय. दुसरं, हृदयाच्या स्नायूतच काही आजार आहे, आणि ठोके ही त्याची खूण आहे. पहिल्यात ठोके थांबवले की हृदय सुधारतं, बहुधा काही महिन्यांत. दुसऱ्यात नुसते ठोके जाळून काही होत नाही, आजार आपला आत चालूच राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशीतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. अँजिओग्राफी स्वच्छ, एको जवळजवळ ठीक, ठोके वरच्या भागातून. मी ‘निरोगी हृदयातले साधे ठोके’ असं समजून ॲब्लेशन केलं. थांबले. आठ महिन्यांनी त्या वेगळ्याच ठिकाणाहून आलेल्या व्हीटीने, म्हणजे खालच्या कप्प्यातून सलग सुटणाऱ्या वेगवान ठोक्यांनी, चक्कर येऊन पडल्या. तेव्हा पेट स्कॅन केला, तर हृदयाच्या भिंतीत आणि छातीतल्या गाठींत दाह दिसला. बायोप्सीत सारकॉइडोसिस, म्हणजे अवयवांत दाहाच्या बारीक गाठी करणारा आजार, निघाला. एमआरआय मी आधीच करायला हवा होता. तो मी केला नाही, ही माझी चूक होती आणि ती मी त्यांना तशीच सांगितली. योग्य औषधांवर आज त्या बऱ्या आहेत, पण मधले आठ महिने त्या धोक्यात वावरत होत्या.

आपल्या देशात हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा, कारण इथे क्षयही आहे. २०११ मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं, ज्यांना व्हीटी होती, हृदयाचं पंपिंग मात्र चांगलं होतं. छातीतल्या गाठी तपासल्यावर त्यांच्यात ग्रॅन्युलोमाचा, म्हणजे दाहाच्या अशाच बारीक गाठींचा, आजार निघाला. अशा आजाराच्या मागे कधी सारकॉइड असतो, कधी क्षय. दोन्हींचा उपचार वेगळा, आणि चुकून उलटा दिला तर नुकसान. तेव्हा एमआरआयमध्ये डाग, म्हणजे स्नायूतले व्रण, दिसले, ठोके एकाहून अधिक आकारांचे असले, किंवा इसीजीत विजेच्या वहनाचे अडथळे दिसले, तर पेट स्कॅन केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. एमआरआय स्वच्छ निघाला तर पुढचं सगळं बरंच सोपं होतं, आणि मनावरचा भारही उतरतो.

समजा एमआरआय स्वच्छ आला. मग उपचार करायलाच हवा का? माझं उत्तर: तुमच्या भावाच्या बाबतीत हो. ‘खोल जागा आहे, राहू द्या’ असंही काही जण सांगतील, आणि काही रुग्णांना मीही तेच सांगतो. ज्याचे ठोके दिवसाला चार-पाच टक्के आहेत, ईएफ उत्तम आहे, त्रास नाही, त्याच्यासाठी डाव्या मुख्य धमनीशेजारी उष्णता द्यायचा धोका मी घेणार नाही. पण २०१० मध्ये मिशिगनच्या गटाने १७४ रुग्णांचा अभ्यास छापला, त्यात जादाचे ठोके २४ टक्क्यांच्या वर गेले की हृदय थकण्याची शक्यता ठळकपणे वाढलेली दिसली. भाऊ त्या रेषेच्या पलीकडे आहे आणि ईएफ उतरायलाही लागलाय. वय ३९. काहीही न करणं हा त्याच्यासाठी निरुपद्रवी पर्याय नाही. मात्र महिनाभरात सगळं उरकलंच पाहिजे अशीही घाई नाही. नीट तयारी करायला वेळ आहे.

आता दुसऱ्या वेळी काय वेगळं करता येतं ते सांगतो.

सगळ्यात आधी शीर. त्रिकोणाच्या मधून जाते म्हणालो ती. ती मागून फिरून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उघडते, त्यामुळे मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून उलट दिशेने तिच्यात शिरता येतं. कॅथेटर शिरेतून वर सरकत गेलं की ते आपोआप त्या माथ्यावर, स्नायूच्या बाहेरच्या अंगाला पोचतं, छातीला सुई न लावता. कित्येकदा मोठं कॅथेटर शेवटच्या वळणाला अडतं, तेव्हा बारीक तार किंवा केसाएवढी इलेक्ट्रोडची नळी पुढच्या फांद्यांत घालून निदान संकेत तरी घेता येतो. पहिल्या प्रयत्नात शिरेतून मॅपिंग, म्हणजे संकेत घेत उगमाचा नकाशा काढणं, केलं होतं का, हा रिपोर्टमध्ये शोधायचा पहिला मुद्दा. केलं नसेल तर ‘पोचता येत नाही’ हा निष्कर्ष घाईचा होता, असं मी म्हणेन.

शिरेतून पोचलं म्हणजे काम झालं असं नाही. शिरेत रक्ताचा वेग कमी, त्यामुळे कॅथेटरचं टोक पटकन तापतं आणि यंत्र ऊर्जा कमी करतं. आणि शेजारी धमनी असते. त्यामुळे ऊर्जा देण्याआधी टेबलावरच धमन्यांची अँजिओग्राफी करून अंतर मोजावं लागतं. पाच मिलिमीटरच्या आत धमनी असेल तर मी ऊर्जा देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी याच कारणाने थांबवलं असेल तर त्यांच्याबद्दल मनात किंतू ठेवू नका. त्यांनी भावाची धमनी वाचवली.

मग त्या भिंतीच्या दोन्ही-तिन्ही बाजूंनी काम करायचं. शिरेतून सापडलेली सगळ्यात लवकरची जागा नकाशावर खूण करून ठेवायची, आणि तिच्या बरोबर समोर पडणाऱ्या आतल्या जागा, म्हणजे महाधमनीचा डावा कोनाडा आणि झडपेच्या खालचा भाग, तिथून जास्त वेळ ऊर्जा द्यायची. संकेत तिथे सगळ्यात लवकर नसला तरी अंतर कमी असेल तर उष्णता पोचते. माझ्या हातून झालेल्या अशा केसेसमधलं बरंचसं यश या साध्या, धीराच्या पद्धतीचं आहे. तीस सेकंदांत ठोके थांबले नाहीत म्हणून जागा सोडायची नाही. इथे दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, मगच खोलवर गरम होतं.

तेही पुरलं नाही तर उष्णता खोल नेण्याच्या युक्त्या आहेत. कॅथेटरचं टोक थंड ठेवायला नेहमीचं सलाइन सोडतात. त्याऐवजी निम्म्या तीव्रतेचं सलाइन वापरलं तर वीज पाण्यातून वाया न जाता स्नायूत जास्त शिरते. किंवा भिंतीच्या दोन बाजूंना दोन कॅथेटर ठेवून वीज एकातून दुसऱ्याकडे वाहू द्यायची, म्हणजे मधला भाग दोन्हीकडून तापतो. दोन्हींत स्नायूच्या आत वाफ होऊन फाटण्याचा धोका वाढतो, म्हणून हे रोज करणाऱ्या हातांचं काम आहे.

त्यापुढची पायरी अल्कोहोलची. धमनीतून अल्कोहोल सोडून व्हीटीचा उगम मारता येतो हे १९८९ मध्येच दाखवलं गेलं होतं, पण धमनीतून ते चुकीच्या दिशेला गेलं तर मोठा हार्ट अटॅक येऊ शकतो. अलीकडे ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी तेच काम शिरेच्या बारीक फांद्यांतून उलट दिशेने करायची पद्धत पुढे आणली. ज्या फांदीत संकेत सगळ्यात लवकर मिळतो, तिच्यात छोटा फुगा फुगवून एकेक मिलिलिटर अल्कोहोल सोडतात. भिंतीच्या पोटातल्या उगमासाठी हा विचार मला फार पटतो, कारण जिथे कॅथेटर शिरत नाही तिथे द्रव शिरतो. पण योग्य फांदी असावी लागते, आणि ती प्रत्येकाला नसते.

आता छातीखालून सुई घालण्याबद्दल. ही पद्धत ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या सोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली, आणि ती मांडण्यामागे तिथला चागास हा परजीवीमुळे होणारा आजार होता. त्यात डाग हृदयाच्या बाहेरच्या अंगावर असतात, आतून कितीही जाळलं तरी व्हीटी थांबत नाही. अशा रुग्णांसाठी ती वरदान ठरली, आणि हृदयाच्या बाहेरच्या भिंतीवर डाग असलेल्या आपल्याकडच्या रुग्णांसाठीही मी ती वापरतो. पण तुमच्या भावाचा उगम खरोखर त्या माथ्यावर असेल तर मी सुईकडे पहिली धाव घेणार नाही. सुईने आत गेल्यावरही चरबी तीच आणि धमन्याही त्याच. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या गटाने याच जागेसाठी बाहेरून गेलेल्या २३ रुग्णांचा अनुभव लिहिला, त्यांत यश फक्त ५ जणांना आलं. आणि सुईचे स्वतःचे धोके आहेत: हृदयाभोवती रक्त साचणं, यकृताला इजा. सुई सुचवणाऱ्या डॉक्टरांना इतकंच विचारा, “इसीजीतल्या कुठल्या खुणेवरून बाहेरून पोचता येईल असं वाटतं, आणि शिरेतून काय दिसलं होतं?” त्यांच्याकडे नेमकं उत्तर असेल तर पुढे विचार करता येईल.

रेडिएशनबद्दलही कुणीतरी सांगेल, म्हणून दोन ओळी. २०१७ मध्ये सेंट लुइसमधून पाच रुग्णांचा अहवाल आला, ज्यात व्हीटीच्या जागेवर बाहेरून एकाच बैठकीत २५ ग्रे मात्रेचं रेडिएशन दिलं आणि व्हीटीचे झटके प्रचंड कमी झाले. ते रुग्ण अगदी शेवटच्या टप्प्यातले होते, सगळे उपाय थकलेले. चाळिशीच्या आतल्या, डाग नसलेल्या हृदयाला, धमनीच्या फाट्याशेजारी ते देणं मला मान्य नाही.

औषधांचं आणि आयसीडीचं लवकर उरकतो. अमिओडॅरोन ठोके कमी करतं, यात वाद नाही. पण थायरॉइड, फुप्फुसं, यकृत, डोळे या सगळ्यांवर ते वर्षानुवर्षं परिणाम करत राहतं. ३९ वर्षांच्या माणसाला ‘कायम’ हा शब्द लावून ते देऊ नये. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत दोन-चार महिने द्यायला माझी हरकत नसते. फ्लेकेनाइड हे ठोक्यांचं दुसरं औषध काहींना छान लागू पडतं, पण हृदयात डाग नाही याची खात्री झाल्यावरच. १९८९ चा कास्ट अभ्यास आम्ही विसरू शकत नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना याच जातीची औषधं दिली, ठोके कमी झाले आणि मृत्यू वाढले. आयसीडी ठोके थांबवत नाही. जीवघेणा झटका आला तर शॉक देऊन वाचवतं. बेशुद्धी नाही, डाग नाही, ईएफ ४५, अशा माणसाला मी ते सुचवणार नाही. एमआरआयमध्ये डाग किंवा दाह निघाला तर मात्र हे माझं मत बदलेल.

इतक्यावर मी स्वतः काय करेन? आधी एमआरआय. स्वच्छ असेल तर, शिरेतून मॅपिंग आणि अल्कोहोल हे दोन्ही ज्यांच्या रोजच्या कामात आहे अशा केंद्रात एक दुसरा प्रयत्न. मधल्या काळात औषध, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा होल्टर आणि एको. ठोके पूर्ण गेले नाहीत तरी २७ टक्क्यांवरून पाचावर आले आणि ईएफ वर चढला, तर मी त्याला यश मानतो आणि तिथे थांबतो. गेल्या काही वर्षांत असा एक शेतकरी माझ्याकडे होता. तिन्ही बाजूंनी प्रयत्न केले, धमनी तीन मिलिमीटरवर, थांबलो. उरलेले सात टक्के ठोके कमी मात्रेच्या औषधावर राहिले. त्याचा ईएफ आज ५८ आहे.

दुसऱ्या मताला जाताना एवढं बरोबर न्या: जादाचा ठोका पकडलेला बारा लीडचा इसीजी, होल्टरचा पूर्ण रिपोर्ट, सगळे एको तारखेप्रमाणे, आणि पहिल्या ॲब्लेशनचा नकाशा. तो नकाशा यंत्रात साठवलेला असतो. लेखी मागितला तर सीडीवर किंवा छापून मिळायला हवा. संकोच करू नका. तो मागणं म्हणजे आधीच्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही. दुसऱ्या डॉक्टरचे दोन तास त्याने वाचतात. खर्चाचंही आधी स्पष्ट विचारा, कारण अशा केसमध्ये कॅथेटर एकाऐवजी दोन-तीन लागू शकतात. किती लागतील आणि कोणत्या टप्प्यावर थांबणार, हे दोन्ही आधी ठरलेलं असावं.

घरी एक गोष्ट लक्षात ठेवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर किंवा बीपीचं मशीन त्याची नाडी ४० दाखवेल आणि तुम्ही घाबराल. एक ठोका नेहमीचा, एक जादाचा असा खेळ चालला की जादाच्या ठोक्यात रक्त पुरेसं पुढे जात नाही आणि मशीन तो मोजतच नाही. मनगटाच्या नाडीतही तो ठोका सुटतो. छातीला स्टेथो लावून किंवा इसीजी काढूनच खरं कळतं. भीतीने त्याची औषधं स्वतःहून बंद करू नका.

आणि टेम्पो. तो कधी बेशुद्ध पडला नसेल, डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसावं लागलं नसेल, तर जवळच्या दिवसाच्या फेऱ्या त्याने कराव्यात असं मी म्हणेन. घाटातल्या आणि रात्रीच्या फेऱ्या एमआरआयचा निकाल येईपर्यंत दुसऱ्याला द्याव्यात. कामावर अवलंबून असलेल्या घराला हे सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण एकदा जरी चक्कर येऊन शुद्ध गेली, किंवा धडधड सलग चालू राहून घाम फुटला, तर त्याच क्षणी गाडी बाजूला घ्यायची, किल्ली दुसऱ्याकडे द्यायची आणि सरळ जवळच्या हॉस्पिटलात जायचं. धडधड चालू असतानाच तिथे बारा लीडचा इसीजी काढून घ्या, आणि त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद फाइलला लागतो आणि कित्येकदा हरवतो.